चित्रपटातील चुका आणि आपले डोळे

‘ग्लॅडिएटर’ हा रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला भव्य ऐतिहासिक चित्रपट सन २००० मध्ये प्रदर्शित झाला. त्याची कथा इ. स. १८० च्या सुमारास रोमन साम्राज्यात घडते. एका प्रसंगात कलोसियमच्या रिंगणात रथ भरधाव धावत आहेत, बाण सुटत आहेत, धूळ उडते आहे. इतक्यात एक रथ उलटतो आणि त्याच्या मागच्या भागात गॅसचे सिलिंडर क्षणभर दिसते! रोमन लोकांनी उत्तम रस्ते, पूल आणि जलवाहिन्या बांधल्या हे खरे. पण गॅसचे सिलिंडर काही त्यांच्याकडे नव्हते.

गंमत अशी की, पहिल्यांदा चित्रपट पाहणाऱ्या बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही. कोणी दाखवून दिले, की मात्र पुढच्या वेळी आधी सिलिंडरच दिसते. म्हणजे डोळे तेच, पडदाही तोच. मग पहिल्या वेळी काय झाले होते? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजचा आपला पाठ आहे.

चुकांचे तीन प्रकार

ऐतिहासिक युद्धपटांत साधारणपणे तीन प्रकारच्या चुका आढळतात. पहिली इतिहासाची चूक. ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) या चित्रपटात स्कॉटलंडमधील स्टर्लिंगची १२९७ सालची लढाई आहे. ती लढाई एका अरुंद पुलामुळे जिंकली गेली. चित्रपटात मात्र तो पूलच नाही. दुसरी चूक कालविसंगतीची, म्हणजे एका काळातील वस्तू दुसऱ्या काळात दिसणे. वरचे सिलिंडर याच प्रकारात येते. तिसरी चूक सातत्याची. एका दृश्यात सैनिकाच्या डाव्या गालावर जखम आहे आणि लगेच पुढच्या दृश्यात ती उजव्या गालावर गेली, किंवा हातातील भाल्याची तलवार झाली, तर तो सातत्यदोष होय.

पहिल्या दोन चुका ओळखण्यास इतिहासाचे ज्ञान लागते. तिसरीसाठी काहीच लागत नाही. दोन्ही दृश्ये आपल्या डोळ्यांसमोर, एकामागून एक येतात. तरीही बहुधा हीच चूक आपल्याला दिसत नाही.

एका दिवसाची लढाई

असे दोष निर्माण तरी कसे होतात? ‘वॉटर्लू’ (१९७०) या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. नेपोलियनचा अखेरचा पराभव ज्या लढाईत झाला, ती १८ जून १८१५ रोजी बेल्जियममध्ये झाली. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन चिखलमय झाली होती. ती थोडी वाळावी म्हणून नेपोलियन थांबला आणि लढाईला दुपारच्या सुमारास तोंड लागले. रात्रीपर्यंत सारे संपले होते.

चित्रपटाची लढाई मात्र काही तासांत उरकत नाही. सर्गेई बोंडार्चुक यांनी ती त्या वेळच्या सोव्हिएत संघात, आजच्या युक्रेनमधील उझहोरोद शहराजवळ चित्रित केली. सोव्हिएत सैन्यातील हजारो जवान फ्रेंच आणि ब्रिटिश सैनिकांच्या वेषात उभे राहिले. दोन टेकड्या सपाट करण्यात आल्या, पाच हजार झाडे आणून लावण्यात आली, राय आणि बार्लीची शेते पेरण्यात आली. चिखल करण्यासाठी जमिनीखालून सहा मैलांहून अधिक लांबीचे नळ घालण्यात आले. पाऊस काही दिग्दर्शकाच्या हुकमाने पडत नाही, आणि ऊन पडले की बाष्पीभवनाने चिखल वाळतो. पडद्यावर मात्र तो एकाच दिवसाचा चिखल दिसायला हवा!

शिवाय दृश्ये कथेच्या क्रमाने घेतली जात नाहीत. घोडदळाची सर्व दृश्ये एकदम घ्यावी, मग सेनापतींची घ्यावी, असे सोयीने ठरते. पडद्यावर सेनापती हात वर करतो आणि पुढच्याच क्षणी घोडे दौडू लागतात. प्रत्यक्षात या दोन क्षणांमध्ये कित्येक आठवडे गेलेले असू शकतात.

सूर्य थांबत नाही

या आठवड्यांचा सर्वांत चोख साक्षीदार म्हणजे सावली. मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असतो, हे काढण्याची सोपी रीत आहे: ९० मधून स्थळाचा अक्षांश वजा करावा आणि त्यात सूर्याची त्या दिवसाची क्रांती मिळवावी. (उष्ण कटिबंधात सूर्य कधी कधी डोक्यावरून पलीकडे जातो, तेव्हा उत्तर ९० हून अधिक येते, ते १८० मधून वजा करावे.)

उझहोरोदचा अक्षांश सुमारे ४८.६ अंश उत्तर आहे. २१ जूनला सूर्याची क्रांती उत्तर २३.४ अंश असते. म्हणून सूर्याची उंची ९० − ४८.६ + २३.४ = ६४.८ अंश. २३ सप्टेंबरच्या सुमारास क्रांती शून्य असते. तेव्हा उंची ४१.४ अंशच भरते.

आता १८० सेंटिमीटर उंचीचा सैनिक मैदानात उभा आहे असे समजा. त्याच्या उंचीला सूर्याच्या कोनाच्या ‘टॅन’ गुणोत्तराने भागले की सावलीची लांबी मिळते. जूनमध्ये ती सुमारे ८५ सेंटिमीटर येते आणि सप्टेंबरमध्ये सुमारे २०४ सेंटिमीटर! म्हणजे हल्ल्याचे अर्धे दृश्य जूनमध्ये आणि उरलेले सप्टेंबरमध्ये घेतले, तर दोन्ही वेळा मध्यान्ह साधूनही सावली दुपटीहून अधिक लांब होईल. वेळ चुकली तर सावलीची दिशाही बदलेल, कारण पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य दर तासाला १५ अंश सरकल्यासारखा दिसतो.

हे सारे सांभाळण्यासाठी चित्रीकरणाच्या जागी एक व्यक्ती खास नेमलेली असते. कोणाच्या हातात काय होते, सदऱ्याची किती बटणे लावलेली होती, मेणबत्ती किती जळली होती, याची ती लगेच नोंद करते, छायाचित्रे घेते, वेळ मोजते. सिनेमाच्या भाषेत याला ‘कंटिन्युइटी’ सांभाळणे म्हणतात. ही व्यक्ती स्मरणशक्तीवर विसंबत नाही, वहीवर विसंबते. याचे कारण पुढे कळेल.

डोळा कॅमेऱ्यासारखा नाही

आपल्याला वाटते की डोळे उघडले की समोरचे सर्व काही दिसते. प्रत्यक्षात अगदी स्पष्ट दिसते ते दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका लहानशा खळग्यामुळे. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाच्या रुंदीचे एक-दोन पट, एवढाच भाग एका वेळी तीक्ष्ण दिसतो. बाकीचे दृश्य अंधूक असते. म्हणून डोळा सेकंदाला सुमारे तीन वेळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो. या उडीच्या काळात मेंदू दृष्टीची जाणीव जवळजवळ दाबून टाकतो.

हे आरशात पडताळून पाहा. स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या डोळ्याकडे. आपले डोळे हलताना तुम्हांला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतील.

म्हणजे आपल्याला अखंड वाटणारे जग तुकड्यांतुकड्यांनी मिळालेले असते. मधल्या जागा मेंदू भरून काढतो, आणि त्या भरताना ‘जे आत्ता होते तेच अजूनही आहे’ असे गृहीत धरतो. रोजच्या व्यवहारात हे गृहीतक बहुधा खरे ठरते. टेबलावरची ताटली आपोआप रंग बदलत नाही! चित्रपटात मात्र दृश्य तुटते तेथे ती बदलू शकते.

डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नेमके हेच तपासले. त्यांनी दोन स्त्रिया टेबलाशी बसून बोलत आहेत असा छोटासा चित्रपट तयार केला आणि त्यात मुद्दाम नऊ सातत्यदोष ठेवले. लाल ताटल्या पांढऱ्या होतात, गळ्यातील रुमाल नाहीसा होऊन पुन्हा येतो, असे. दहा प्रेक्षकांपैकी एकालाच काहीतरी बदलल्यासारखे वाटले. मग ‘बदल शोधा’ असे सांगून चित्रपट पुन्हा दाखवला, तरी सरासरीने नऊपैकी दोनच बदल सापडले. दुसऱ्या एका प्रयोगात खुर्चीवरून उठणारा नट एक होता आणि पुढच्या दृश्यात फोन उचलणारा नट दुसराच! तरीही सुमारे दोन-तृतीयांश प्रेक्षकांनी तो एकच माणूस मानला.

संकलकांना हे अनुभवाने ठाऊक असते. वॉल्टर मर्च या प्रसिद्ध अमेरिकन संकलकांनी तर सांगून ठेवले आहे की, दोन दृश्ये जोडताना भावनेला पहिला मान द्यावा आणि वस्तूंच्या जागांच्या सातत्याला सर्वांत शेवटचा. तेव्हा पडद्यावरची प्रत्येक चूक निष्काळजीपणाची असते असे समजू नका. नटाचा अभिनय त्याच तुकड्यात उत्कट झाला असेल, तर हातातली बदललेली तलवार जाणूनबुजून चालवून घेतली जाते. प्रेक्षक त्या वेळी तलवारीकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहत असतो.

मग आपण काय शिकायचे?

चित्रपटातील चूक निसटली तर कोणाचे नुकसान होत नाही. पण न्यायालयातील साक्षीदारही आपल्यासारख्याच डोळ्यांनी पाहतो आणि आपल्यासारख्याच मेंदूने रिकाम्या जागा भरतो. अमेरिकेत १९८९ पासून शिक्षा झालेली शेकडो माणसे डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरली. त्यांपैकी बऱ्याच खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. असे साक्षीदार खोटे बोलत असतात असे नाही. आपण नीट पाहिले अशी त्यांची प्रामाणिक खात्री असते.

प्रयोगशाळेतही हेच घडते. ‘वाचन घेतले आहे, वहीत नंतर लिहू’ असे म्हणणारा विद्यार्थी नंतर आठवलेले लिहितो, पाहिलेले नव्हे. काय पाहायचे हे आधी ठरवणे, मोजणे आणि जागच्या जागी लिहिणे, ही शास्त्रज्ञाची शिस्त अशा चुकांवरचाच उपाय आहे.

करून पाहा: टेबलावर बारा वस्तू मांडा. वर्गमित्रांना अर्धा मिनिट पाहू द्या, पाच सेकंद डोळे मिटायला सांगा आणि तेवढ्यात दोन वस्तूंच्या जागा बदला. किती जणांना बदल ओळखता येतो ते मोजा. मग निम्म्या मुलांना पाहतानाच वस्तूंच्या जागांची नोंद करू द्या आणि प्रयोग पुन्हा करा. दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. वहीची किंमत किती, हे ते आकडेच तुम्हांला सांगतील.