न्हाणीपासून दिवेलागणीपर्यंत

राजापूर,
रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलण्यापेक्षा लिहून पाठवावं असं वाटलं, म्हणजे तुला पुन्हा काढून वाचता येईल. मैत्रिणीने दिलेल्या क्रीमने चेहरा उजळला, ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, आणि आता एक दिवस ते लावलं नाही तरी गाल लालभडक होतात, आग होते, उन्हात पाऊल टाकलं की चुणचुणतं. म्हणून तू ठरवलंस की यापुढे घरचं आणि नैसर्गिक तेवढंच लावायचं, आणि मला विचारलंस, आत्या, काय काय लावू?

आत्ता काहीच लावू नकोस. हळद नको, बेसन नको, कोरफडसुद्धा नको.

आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. इसब किंवा सोरायसिसला डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात, तेव्हा ते उत्तम औषध असतं. गोरं होण्यासाठी रोज चोपडलं की आधी रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, चेहरा नितळ दिसतो. मग कातडी पातळ होत जाते, पुटकुळ्या येतात, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते. थांबवलं की सगळं उसळून वर येतं आणि घाबरून हात पुन्हा ट्यूबकडे जातो. तू लिहिलं आहेस ते या वर्णनाशी इतकं जुळतं की मला झोप लागली नाही. असे रुग्ण इतके वाढले की देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम उघडली, आणि २०१८ साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती हातोहात फिरतात.

ट्यूबवर काही लिहिलेलंच नसेल तर काळजी जास्त. केरळात मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांकडे मूत्रपिंडाचा विकार झालेले रुग्ण येऊ लागले, आणि कारण शोधता शोधता ते गोरेपणाच्या क्रीमपाशी पोचले. त्यात पारा होता. तेव्हा याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ट्यूब बरोबर ने, आणि काही लपवू नकोस. ते एकदम बंद करायचं की हळूहळू, हे त्यांना ठरवू दे. घरच्या उपायांनी धड असलेल्या कातडीची निगा राहते. बिघडलेल्या कातडीवर त्यांचे प्रयोग करू नयेत, एवढं माझ्या शब्दाखातर पाळ.

डॉक्टरांनी मोकळीक दिली की मग पुढचं. आणि पुढचं फार थोडं आहे.

मी शाळेत रसायन शिकवत असे तेव्हा मुलींना लिटमसचा कागद द्यायचे आणि घरून काहीबाही आणायला सांगायचे. लिंबू, ताक, साबणाचं पाणी, खायचा सोडा. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आम्ल असतो, पीएच पाचाच्या आसपास. त्या आम्लपणावर तिची राखण चालते. साबणाची वडी नऊ-दहाच्या घरात जाते, लिंबाचा रस दोनाच्या जवळ. म्हणजे चेहऱ्यावर सोडा चोळणं एका टोकाला आणि लिंबू चोळणं दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही ‘नैसर्गिक’ म्हणून खपतात. लिंबाचं तर आणखी एक आहे. त्याच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात की ती अंगावर राहिली आणि ऊन लागलं, तर कातडी पोळते आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. सरबताची लिंबं पिळून तसंच उन्हात जाणाऱ्यांच्या हातांवर हे दिसतं. तू लिंबू पी, लावू नकोस.

तोंड कोमट पाण्याने धुवायचं. दिवसातून दोनदा पुरे. थंडीत अंगाला खाज सुटते ती बहुतेक कढत पाण्याने आणि साबणाने, म्हणून साबण काखेत, जांघेत, पायांना, आणि बाकी अंगाला मसुराचं किंवा हरभऱ्याचं पीठ चालेल, तेही हलक्या हाताने. अंग टिपून घे, रगडू नकोस, आणि थोडं ओलसर असतानाच तेलाचा हात फिरव, म्हणजे ओल आत राहते. चेहऱ्याला मात्र खोबरेल नको. तुला पुटकुळ्या येतात आणि ते छिद्रं बुजवतं. नवीन काहीही आणलंस तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघ. हा नियम आमच्या मागल्या दारच्या कोरफडीलाही लागू आहे, तिचा पिवळा चीक भल्याभल्यांना सोसत नाही.

उन्हासाठी स्वयंपाकघरात काही शोधू नकोस. छत्री, ओढणी, लांब बाह्या, आणि डॉक्टर सांगतील ते सनस्क्रीन विकत घे. इथे घरच्या वस्तूंचा हट्ट मला पटत नाही. खोबरेल उन्हापासून वाचवतं असं सांगणारे तुला भेटतील. ते जे वाचवतं ते नावापुरतं.

उटण्याचं तू मुद्दाम विचारलं आहेस. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, चंदन, संत्र्याची साल, त्यांचा वास आला की मलाही दिवाळीची पहाट आठवते. पण ते रोजचं कधीच नव्हतं. आधी अंगभर तेल जिरवायचं, मग त्या तेलावर उटणं, असा नरकचतुर्दशीचा क्रम होता. तेलावाचून खरखरीत उटणं रोज चोळलं तर कातडी सोलवटते. वर्षातून काही दिवसच ते असायचं, आणि तेच योग्य.

आता मुठेल. याच्याविषयी मात्र सविस्तर लिहिणार, कारण हे आपल्या मातीतलं आहे आणि शहरात ते तुला कुणी सांगणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. साल आमसुलांना जाते, रसाचं आगळ होतं, आणि बिया उरतात. त्या कडकडीत वाळवायच्या, टरफल काढून आतला गर कुटायचा, भरपूर पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं, ते काढून निववलं की गोठतं, आणि मुठीत दाबून त्याचे फिकट गोळे वळतात. मुठीत वळलं ते मुठेल. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, म्हणून ते सहज वितळत नाही, जवळजवळ चाळीस अंश ऊब लागते. नुसतं घासलं तर टाचेवर पांढरे कण राहतात. वाटीत ठेवून वाटी गरम पाण्यात धर, पातळ झालं की बोटाने भेगांत भर, वर जुने मोजे घाल आणि झोप. ओठ फुटले तर इवलंसं. भातलावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायका रात्री चुलीपाशी बसून एकमेकींच्या टाचांना हेच लावायच्या.

एकमेकींच्या, हे मी सहज लिहिलं नाही. तुझ्या प्रश्नात ‘स्वतःची काळजी’ असा शब्द आहे, आणि मला आपल्या घरात ती कुणी एकटीने घेतलेली आठवतच नाही. तुझी आजी पडवीत पाय सोडून बसायची आणि आम्ही बहिणी, शेजारच्या मुली, एकीपुढे एक रांगेने बसायचो. ती तिच्या डोक्याला, ती तिच्या. तेल गरम असायचं, हात सावकाश चालायचे, आणि पाठमोऱ्या बसलेल्या मुली बोलायच्या. समोरासमोर कुणी विचारलं असतं तर ओठ उघडले नसते, पण डोक्यावर हात असला आणि तोंड पलीकडे असलं की सगळं बाहेर यायचं. कुणाला शाळा सोडायला लावताहेत, कुणाच्या घरी बाप पिऊन येतो. आजी काही उपाय सांगत नसे, हात चालू ठेवत असे. मुलगी उठायची तेव्हा तिचा चेहरा निराळा दिसायचा, आणि श्रेय आम्ही तेलाला द्यायचो.

तेलाचंही काम आहेच. २००३ साली मुंबईतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल केसांवर ताडून पाहिलं, आणि केसांतलं प्रथिन वाया जाणं खोबरेलाने कमी होतं असं त्यांना आढळलं. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू सडपातळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. न्हाण्याआधी तासभर लाव, रात्रभर ठेवायची गरज नाही. केसांना रिठा किंवा शिकेकाई चालेल, डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. पण हे तेल स्वतःचं स्वतः लावू नकोस. तुझ्या खोलीत तिघी आहात. दर रविवारी तिघींनी एकमेकींना लावा. पहिल्या वेळी अवघडल्यासारखं होईल, दुसऱ्या वेळी होणार नाही.

रंगाचं लिहिल्याशिवाय पत्र संपवता येत नाही. स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी तू ते क्रीम लावायला लागलीस, हे तू लिहिलेलं नाहीस, पण तारखा मला जुळतात. तुझ्या जन्माच्या आधीपासून या देशात मुलींना सांगितलं जातंय की रंग कमी आहे. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आलं आणि नावातला ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडलं. तुझा रंग माझा आहे, दादाचा आहे, आमच्या आईचा आहे. या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबलेल्या माणसांना त्या रंगाने राखलं. जे घर फोटोतला रंग बघून होकार देणार, तिथे तू जाऊच नयेस, आणि हे मी वहिनीला स्वतः सांगेन. तुला तिच्याशी भांडायला लागणार नाही.

आणि तुझ्या मेसेजच्या शेवटची ती ओळ, रात्री दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. तू ती सहज लिहिलीस. मला सगळ्यात जास्त तीच लागली.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा अख्खा अध्याय आहे. अंगाला रोज तेल लावावं, आणि डोकं, कान, तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावं, असं तिथे सांगितलं आहे. कानात तेल घालू नकोस, आताचे डॉक्टर ते करू देत नाहीत. पाळ्या बाहेरून चोळ. तळपायांसाठी काशाची वाटी पाठवते आहे. तूप लावून तिने दहा मिनिटं एक पाय, दहा मिनिटं दुसरा. तळवा काळा होईल. लोक म्हणतात अंगातली उष्णता निघाली. तसं नाही, तांबं आणि कथील यांचं ते भांडं, घासताना धातूचा अंश तुपात उतरतो आणि काळं दिसतं. पण झोप येते हे खरं आहे, मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्या वेळात हातात फोन नसतो, हेही त्यात धर.

पाय झाले की दिवा मालवून श्वासाकडे लक्ष दे. आत घेताना मनात चार मोज, सोडताना सहा. उच्छ्वास लांबला की नाडी संथ होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजायला, नुसतं मानायला नव्हे. त्यांची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. तूही मोजून बघ. श्वास कोंडून धरायचा नाही, डोकं हलकं झालं तर थांबायचं.

संध्याकाळी घरी आलीस की लगेच ट्यूबलाइट लावू नकोस. दिवेलागणीची वेळ आपल्याकडे मुद्दाम राखलेली असायची. झाडू ठेवून द्यायचा, कुणी रागवायचं नाही, दिव्यापाशी थोडं बसायचं. तुला शुभंकरोती म्हणावंसं वाटलं तर म्हण, नाही वाटलं तर नुसती बस. देवाचं नाव घ्यायलाच हवं असा माझा आग्रह नाही. दिवसातला तेवढा वेळ कुणालाही काही दाखवायचं नसतं, तो मात्र राख. आणि हे सगळं करूनही महिनाभरात झोप आली नाही, किंवा सकाळी उठावंसं वाटेनासं झालं, तर तेलावर विसंबू नकोस. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे फोन कर, आणि मग मला कर. मी गाडीत बसून येईन.

उद्याच्या एसटीने पार्सल टाकते आहे. मुठेलाचे दोन गोळे, काशाची वाटी, खोबरेलाची बाटली, आणि आगळ. आगळ पिण्यासाठी आहे, चेहऱ्याला नको. डॉक्टरांनी ट्यूबविषयी काय सांगितलं ते त्याच संध्याकाळी कळव, आणि त्यांनी दिलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठव.

तुझी,
आत्या