ब्लाउजपीसात बांधलेली भेट

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या भेटवस्तूंचे चकचकीत कागद मी घड्या घालून ठेवले होते. रद्दीवाल्यानं ते रद्दीतून वेगळे काढून परत दिले. ते का चालत नाहीत? आणि त्याऐवजी कापडी वेष्टन घरच्या घरी करता येईल का? शिवणयंत्र आहे, पण हात बसलेला नाही. शिवाय कापड तरी खरंच पर्यावरणाला बरं असतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रद्दीवाल्याचं बरोबर आहे. तो कागद दिसायला कागद असला, तरी बहुतेकदा त्यावर प्लॅस्टिकचा किंवा धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो. कागदाच्या लगद्यातून हा थर सहज सुटत नाही. वर चिकटपट्ट्या असतात, चमकी असते, आणि ती चमकी म्हणजे सहसा प्लॅस्टिकचेच बारीक कण. ओळखायची एक सोपी रीत आहे. कागद मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. चुरगळलेला तसाच राहिला तर तो साधा कागद, हळूहळू उलगडू लागला तर त्यात प्लॅस्टिक. मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ आवरणावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, पण भेटवस्तूंचा हा मिश्र कागद मात्र दुकानात राजरोस मिळतो.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो आधी घेते. कापड आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. कापूस पिकवण्यापासून एक किलो सुती कापड तयार होईपर्यंत जगाच्या सरासरीनं दहा हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागानं २०१८ मध्ये बाजारच्या पिशव्यांची तुलना केली होती. हवामानावरचा परिणाम एवढाच निकष धरला, तरी सुती पिशवी प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीला यायला निदान ५२ वेळा वापरावी लागते. सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. हे आकडे पिशव्यांचे आहेत, वेष्टनाचे नव्हेत, पण रोख स्पष्ट आहे. दुकानातून नवं कापड आणून, सुंदर वेष्टन शिवून ते एकदाच वापरलं, तर आपण कागदापेक्षा जास्त नुकसान करतो. म्हणून माझा आग्रह एकच : या कामासाठी नवं कापड विकत घेऊ नका, आणि बांधलेलं कापड पुढे फिरत राहील याची सोय करा.

कापड आपल्या घरात असतंच. हळदीकुंकवाला, ओटी भरताना, लग्नकार्यात मिळालेले ब्लाउजपीस कपाटात थप्पी लावून पडलेले असतात. त्यांतले निम्मे कुणाच्याच साडीला जुळत नाहीत, आणि पुढच्या कार्यात ते दुसऱ्याच्या ओटीत जातात. एक ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटर लांब असतो. त्यातून ८० सेंटिमीटरचा चौकोन निघाला की मिठाईचा मोठा खोका किंवा घडी घातलेली साडी आरामात बांधता येते. याहून मोठा साठा जुन्या सुती साडीत आहे. साडेपाच मीटर लांब आणि सुमारे ११० सेंटिमीटर रुंद साडीचे ५५ सेंटिमीटरचे वीस चौकोन होतात. काठ आणि पदर वेगळे काढू नका. काठ चौकोनाच्या एका बाजूला येऊ द्या, गाठ बांधल्यावर तो फार देखणा दिसतो. धोतर, उपरणं, दुपट्टा, पडदे, चांगल्या स्थितीतली बेडशीट, सगळं चालतं. जॉर्जेट आणि गुळगुळीत रेशीम टाळा, त्यावर गाठ टिकत नाही. जीनचं कापड फार जाड, त्याची गाठ बसतच नाही. मलमल, केंब्रिक, पॉपलीन आणि खादी ही खरी गाठ धरणारी कापडं.

कोरा ब्लाउजपीस असेल तर कापण्याआधी धुवून घ्या, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. मग ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पुस्तकाला किंवा फिक्या कपड्याला बांधू नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण गिरणीत रंगवलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

माप काढायला गणित नको, सुतळी पुरे. वस्तूच्या लांबीच्या बाजूनं सुतळी एकदा भोवती फिरवा आणि त्यात गाठीसाठी दीड वीत वाढवा. ही झाली चौकोनाची कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी. तिला ०.७ नं गुणलं की बाजू मिळते. समजा, पुस्तक २४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर जाड आहे. घेर ५४, गाठीचे ३०, एकूण ८४. म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरचा चौकोन. साडीतून निघालेला ५५ चा चौकोन मुडपून ५३ चा उरतो, आणि तो २१ सेंटिमीटरच्या कादंबरीला नेमका बसतो.

शिवणाची भीती नको. साधं विणलेलं सुती कापड काठाशी कात्रीनं जरासं छेदून फाडलं तर धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीनं कापलेल्यापेक्षाही सरळ. चारी बाजू अर्धा सेंटिमीटर दुमडा, पुन्हा अर्धा सेंटिमीटर दुमडा आणि यंत्रावर एक टीप मारा. यंत्रावर हात बसलेला नसेल तर कोपरे आधी इस्त्रीनं दाबून घ्या, निम्मं काम तिथंच होतं. नाहीच जमलं तर साडीला फॉल-पिको करणाऱ्या ताईंकडून चारी कडांना पिको करून घ्या.

आता बांधणी. कापड चौकटीसारखं न पसरता एक कोपरा स्वतःकडे येईल असं पसरा. पुस्तक मधोमध आडवं ठेवा. जवळचा कोपरा पुस्तकावर टाकून कड आत खोचा, समोरचा कोपरा त्यावर आणा. उरलेले डावे-उजवे कोपरे वर घेऊन गाठ मारा. हे कोपरे कापडाच्या तिरक्या धाग्यावर, शिंप्यांच्या भाषेत उरेब, असतात. उरेब कापड ताणलं जातं आणि गाठीत घट्ट बसतं, म्हणून चिकटपट्टी लागतच नाही. गाठ मारताना पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावर, दुसऱ्यांदा डावं उजव्यावर. मग टोकं दोन बाजूंना सपाट पसरतात. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं तर टोकं उभी-आडवी होतात आणि गाठ सरकते. बरोबर बांधलेली गाठ सोडायलाही सोपी. एक टोक धरून विरुद्ध दिशेला सरळ ओढलं, की ते ताठ होतं आणि दुसरं टोक त्यावरून सरकून निघतं. लहान मुलांना हे अवश्य शिकवा, त्यांना ती जादू वाटते.

ही बांधणी फुरोशिकी या जपानी नावानं जगभर प्रसिद्ध झाली. नारा शहरातल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली वस्तू बांधायची कापडं आजही आहेत. २००६ मध्ये जपानच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या धाग्यापासून फुरोशिकी करवून घेऊन या रीतीला नवी उभारी दिली. आपल्याकडे पोथ्या बासनात बांधून ठेवत, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं कापडी रुमालांमध्येच बांधलेली आहेत, म्हणजे कापडाची गाठ आपल्यालाही नवी नाही. जपानी रीतीतली एक गोष्ट मात्र उचलावी अशी आहे. औपचारिक भेटीला गेल्यावर देणारा स्वतः गाठ सोडतो, वस्तू पुढे करतो आणि कापड घडी घालून आपल्यासोबत परत नेतो. त्यामुळे ते वर्षानुवर्षं त्याच्याकडे टिकतं.

आपल्याकडे कापड परत मागणं अवघड वाटेल. पण शेजारणीकडून आलेली वाटी आपण रिकामी परत करत नाही, हा संस्कार घरोघरी आहेच. घरातल्या घरात, बहिणी-भावजयांत, एका सोसायटीत याच धर्तीवर ठरवून टाका : ज्याला भेट मिळाली त्यानं पुढची भेट त्याच कापडात बांधायची. कोपऱ्यात एक लहानसा टाका घाला, म्हणजे आपलं कापड ओळखू येईल. बाहेरच्यांना देताना चिठ्ठीत मोकळेपणानं लिहा, ‘कापड पुढच्या भेटीला वापरा, नाहीतर पोळ्यांच्या डब्यात घाला.’ त्यांनी खरोखर डब्यात घातलं तरी काही बिघडत नाही, ते रोज वापरलं जाईल.

गोल किंवा वेड्यावाकड्या वस्तूला दोन उपाय आहेत. पहिला बिनशिवणीचा. मोठ्या चौकोनावर नारळ किंवा कलिंगड ठेवा, शेजारशेजारच्या कोपऱ्यांच्या दोन जोड्या बांधा, दोन कड्या तयार होतील. एक कडी दुसरीतून ओवून वर ओढली की हातात धरायची पिशवी झाली. दुसरा उपाय बटव्याचा. काचेची बरणी किंवा खेळणं असेल तर हाच बरा. वस्तूचा घेर सुतळीनं मोजा. त्याचा निम्मा अधिक चार बोटं ही रुंदी. वस्तूची उंची, तळाच्या रुंदीचा निम्मा आणि वीतभर ही उंची. या उंचीच्या दुप्पट पट्टी कापा, सुलट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा, दोन्ही कडा शिवा. त्यातल्या एका शिवणीत वरच्या बाजूला नाडीसाठी फट ठेवा. वरून चार बोटं दुमडून नेफा शिवा, बटवा सुलटा करा आणि जुन्या परकराची नाडी सेफ्टीपिनेनं ओवा. लोणच्याची बरणी असेल तर आत केळीच्या पानाचा किंवा साध्या कागदाचा एक थर घाला, तेलाचा डाग एकदा बसला की सुती कापडातून सहसा जात नाही.