सभासद-पत्राचे नवे रूप : सार्वजनिक ग्रंथालये आणि डिजिटल ओळखपत्र

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. रत्नागिरी येथे १८२८ साली, नाशिक येथे १८४० साली, पुणे येथे १८४८ साली आणि ठाणे येथे १८९३ साली स्थापन झालेल्या ग्रंथालयांनी या परंपरेचा पाया घातला. सभासदांची वर्गणी, दात्यांच्या देणग्या आणि कार्यकर्त्यांची विनामूल्य सेवा यांच्या आधारे या संस्था वाढल्या. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये या चळवळीस शासनाची मान्यता व अनुदानाचा आधार लाभला. आज राज्यातील शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक असून त्यांतील बहुसंख्य ग्रंथालये लहान गावांतून चालविली जातात.

ही ग्रंथालये नफ्यासाठी चालत नाहीत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेल्या या संस्थांचे खरे धनी त्यांचे सभासदच होत. सभासद पुस्तके नेतो, वर्गणी देतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत मत देऊन कार्यकारी मंडळ निवडतो. त्यामुळे सभासद कोण, हा प्रश्न प्रत्येक संस्थेच्या कारभाराच्या मुळाशी असतो. आजवर या प्रश्नाचे उत्तर जाड पुठ्ठ्याच्या सभासद-पत्रावर, कार्यवाहाच्या सहीने आणि संस्थेच्या शिक्क्याने दिले जात असे. आता घरोघरी भ्रमणध्वनी पोहोचल्यामुळे हे पत्र त्याच्या पडद्यावर दाखविण्याची सोय झाली आहे. अनेक संस्था ती स्वीकारीत आहेत. हा बदल करताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

डिजिटल सभासद-पत्र म्हणजे काय?

डिजिटल सभासद-पत्र म्हणजे सभासदाचे नाव, सभासद क्रमांक, सभासदत्वाचा प्रकार आणि वर्गणीची मुदत दर्शविणारे, भ्रमणध्वनीवर पाहता येण्याजोगे पत्र. त्यावर बहुधा एक चौकोनी ठिपक्यांची आकृती असते. क्यूआर कोड या नावाने ती सर्वांच्या परिचयाची झाली आहे. १९९४ साली जपानमधील डेन्सो या उद्योगसमूहात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती प्रथम तयार करण्यात आली. आकृतीचा काही भाग खराब झाला, तरी उरलेल्या भागावरून मजकूर वाचता येतो, हे तिचे वैशिष्ट्य होय.

या आकृतीत काय साठवावे, हे संस्थेने विचारपूर्वक ठरवावयाचे असते. एका पद्धतीत आकृतीमध्ये केवळ सभासद क्रमांक असतो. ग्रंथपाल ती आकृती वाचतो आणि संगणकावरील नोंदवहीतून त्या क्रमांकाची माहिती त्याच्यासमोर येते. दुसऱ्या पद्धतीत सभासदाची माहिती आकृतीतच असते आणि तिच्यात कोणी फेरफार केलेला नाही, याची खात्री पटविणारी डिजिटल स्वाक्षरी तिला जोडलेली असते. दुसऱ्या पद्धतीत इंटरनेट नसतानाही पडताळणी करता येते. परंतु पत्र दिल्यानंतर सभासदत्व संपले, तर तो बदल जुन्या आकृतीत उमटत नाही. लहान ग्रंथालयांच्या दृष्टीने पहिली पद्धत अधिक सोपी व सुरक्षित आहे. पत्र हरवले किंवा त्याची नक्कल झाली, तरी सभासदाचा पत्ता अथवा जन्मतारीख त्यातून बाहेर जात नाही.

अशा कामासाठी मोठा खर्च करावा लागतोच असे नाही. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासासाठी १९९९ साली तयार होऊ लागलेली ‘कोहा’ ही संगणक प्रणाली परवाना शुल्काशिवाय वापरता येते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली विकसित केली आहे. सभासदांची नोंद आणि पुस्तकांची देवघेव या दोन्ही गोष्टी अशा प्रणालींत एकत्र ठेवता येतात. अगदी लहान वाचनालयास संगणकावरील साध्या तक्त्यापासूनही आरंभ करता येईल.

पत्र आणि हक्क

येथे एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. सभासद-पत्र हे सभासदत्वाची खूण आहे. सभासदत्व मात्र पत्रामुळे निर्माण होत नाही. संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, संस्थेच्या नियमांनुसार जिला प्रवेश देण्यात आला, जिने वर्गणी भरली किंवा सभासदांच्या यादीवर सही केली आणि जिने नियमानुसार राजीनामा दिलेला नाही, अशी व्यक्ती सभासद ठरते. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्यास अधिनियमाखालील कामकाजात मत देता येत नाही व त्याची गणना सभासदांत होत नाही, असेही हेच कलम सांगते.

याचा अर्थ असा की, भ्रमणध्वनीवर सुबक पत्र झळकत असले, तरी नोंदवहीत प्रवेशाचा ठराव व वर्गणीची पावती नसेल, तर त्या पत्रास आधार नाही. उलट, ज्याच्याजवळ भ्रमणध्वनीच नाही, परंतु ज्याचे नाव नोंदवहीत आहे व वर्गणी चुकती आहे, तो पूर्ण हक्काचा सभासद आहे. तसेच वर्गणीची रक्कम यूपीआयद्वारे संस्थेच्या खात्यात जमा झाली, एवढ्याने नव्या अर्जदारास प्रवेश मिळाला असे होत नाही. नियमावलीत कार्यकारी मंडळाची मान्यता आवश्यक असेल, तर ती मिळाल्यावरच पत्र दिले गेले पाहिजे.

एका उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. समजा, तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाच्या नोंदवहीत ६२० नावे आहेत. पडताळणीत असे आढळले की, ३८ सभासद मृत झाले असून २१ नावे दोनदा नोंदली गेली आहेत. म्हणजे प्रत्यक्ष सभासद ५६१ झाले. त्यांपैकी ११० जणांची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे. मतदानास पात्र सभासद उरतात ४५१. नियमावलीनुसार सभेची गणपूर्ती एकतृतीयांश असेल, तर जुन्या यादीप्रमाणे २०७ सभासदांची उपस्थिती लागेल आणि शुद्ध यादीप्रमाणे १५१ पुरेल. जुनी यादी तशीच संगणकात भरून ६२० पत्रे काढली, तर मृत व्यक्तींच्या नावे पत्रे तयार होतील, एकाच व्यक्तीकडे दोन पत्रे जातील आणि थकबाकीदारास आपण मतदार असल्याचा समज होईल.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. निवडणुकीनंतर विश्वस्तांतील बदलाचा अहवाल धर्मादाय कार्यालयास ९० दिवसांत सादर करावयाचा असतो. सभासदांची यादीच वादग्रस्त असेल, तर या अहवालावर हरकती येतात, प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते आणि दोन गटांच्या भांडणात वाचनालयाचे दार बंद राहते. ज्या वाचकासाठी संस्था काढली, त्याचेच त्यात नुकसान होते.

आधी नोंदवही, मग पत्र

यास्तव डिजिटल पत्राच्या कामाचा आरंभ नोंदवहीच्या शुद्धीकरणाने व्हावा. प्रवेश अर्ज, ठरावांची वही, पावतीपुस्तक आणि सभासद नोंदवही ही चारही साधने समोर ठेवून प्रत्येक नावाची छाननी करावी. मृत सभासदांची खातरजमा ग्रामपंचायतीकडील मृत्युनोंदींवरून करता येते. परगावी गेलेल्यांची नावे मात्र ते भेटत नाहीत एवढ्या कारणावरून वगळू नयेत. त्यांना शेवटच्या ज्ञात पत्त्यावर लेखी सूचना पाठवावी आणि नियमावलीत सांगितलेल्या रीतीनेच पुढील निर्णय घ्यावा. थकबाकीदारांना वर्गणी भरण्याची संधी द्यावी. तयार झालेली यादी वाचनालयाच्या फलकावर लावून हरकती मागवाव्यात आणि त्यांचा निकाल लागल्यावर ती कार्यकारी मंडळाच्या सभेत ठरावाने मंजूर करावी.

त्यानंतर प्रत्येक सभासदास कायमचा क्रमांक द्यावा. अनेक ठिकाणी भ्रमणध्वनी क्रमांकासच सभासद क्रमांक मानण्याची सोपी वाट धरली जाते. ती टाळणे इष्ट होय. ग्रामीण भागातील कित्येक कुटुंबांत एकच भ्रमणध्वनी असतो. पती, पत्नी व मुले हे तिघेही वाचनालयाचे सभासद असले, तर तिघांची नोंद एकाच क्रमांकावर होते आणि बहुधा घरातील स्त्रीचे स्वतंत्र सभासदत्व झाकले जाते. शिवाय वापरात नसलेला क्रमांक दूरध्वनी कंपनी कालांतराने दुसऱ्या ग्राहकास देते. संस्थेने दिलेला क्रमांक मात्र सभासद असेपर्यंत त्याचाच राहतो. एकदा दिलेला क्रमांक, सभासद निवर्तल्यानंतरही, दुसऱ्यास देऊ नये.

पत्रावरील मजकूर मोजकाच असावा. संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक, सभासदाचे नाव, सभासद क्रमांक, सभासदत्वाचा प्रकार आणि वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरली आहे, एवढी माहिती पुरेशी आहे. पडद्यावरील पत्राचे छायाचित्र काढून दुसऱ्यास पाठविणे सहज शक्य असते. म्हणून सभासदाचे छायाचित्र संस्थेच्या नोंदवहीत ठेवावे आणि मतदानाच्या वेळी आकृती वाचल्यावर समोरची व्यक्ती तीच आहे, याची खात्री करावी. सभेच्या दिवशी हजेरीपटावर सही घेण्याची पद्धत चालूच ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली आहे. तथापि वाद उद्भवल्यास सहीचा कागद हाताशी असणे संस्थेच्याच हिताचे ठरते.

सभासदांच्या माहितीचे रक्षण

कपाटातील नोंदवही चोरीस गेली, तर एक वही जाते. संगणकावरील यादी मात्र क्षणार्धात शेकडो ठिकाणी पोहोचू शकते. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, आवश्यक तेवढीच घ्यावी आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी स्वीकारावी, ही या अधिनियमामागील तत्त्वे आहेत. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळताना आईवडिलांची किंवा पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. बालविभाग चालविणाऱ्या ग्रंथालयांनी आणि विद्यार्थ्यांची नावे एकत्रितपणे देणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

सभासदत्वासाठी आधार क्रमांकाची सक्ती करू नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील निर्णयात, खासगी संस्थांना आधारच्या वापराची मोकळीक देणारी तरतूद अग्राह्य ठरविली होती. पुस्तक घरी देण्यासाठी रहिवासाचा कोणताही सामान्य पुरावा आणि अनामत रक्कम पुरेशी असते. त्याचप्रमाणे सभासदांचे भ्रमणध्वनी क्रमांक निवडणूक प्रचारासाठी किंवा व्यापारी जाहिरातींसाठी कोणासही देऊ नयेत. कोणी कोणते पुस्तक नेले, ही नोंदही ग्रंथपाल व वाचक यांच्यापुरतीच राहावी.

ज्यांच्याजवळ भ्रमणध्वनी नाही

सार्वजनिक ग्रंथालयाचे दार सर्वांस खुले असावे लागते. ज्येष्ठ नागरिक, शेतमजूर, शाळकरी मुले आणि ज्यांच्या हाती स्वतःचा भ्रमणध्वनी नाही अशा स्त्रिया यांची सोय प्रथम पाहिली पाहिजे. त्यांच्यासाठी त्याच क्रमांकाचे व त्याच आकृतीचे छापील पत्र द्यावे. दोन्ही पत्रांचे मोल सारखेच राहील आणि छापील पत्रासाठी जादा शुल्क आकारले जाणार नाही, असा स्पष्ट ठराव करावा. पत्र घरी राहिले, तरी नाव व क्रमांक सांगून पुस्तक मिळण्याची व्यवस्था असावी.

पावसाळ्यात वीज जाते, इंटरनेट बंद पडते. म्हणून दरमहा यादीची एक छापील प्रत काढून ती कार्यवाहाच्या सहीने जतन करावी. संगणकावरील नोंदीची दुसरी प्रत वाचनालयाबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावी. नोंदीत बदल करण्याचा अधिकार एका किंवा दोन व्यक्तींकडेच असावा आणि कोणता बदल कोणी व केव्हा केला, याची नोंद राहावी. पदाधिकारी बदलल्यावर सांकेतिक शब्द व संपूर्ण यादी नव्या मंडळाच्या स्वाधीन करणे हा कार्यभार सोपविण्याचाच भाग मानावा. यादी एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी संगणकात अडकून पडली, तर संस्थेचा ताबाच त्याच्या हाती गेल्यासारखे होते.

समारोप

नीट अमलात आणलेल्या डिजिटल पत्राचे लाभ निश्चितच आहेत. वर्गणीची मुदत संपण्यापूर्वी सभासदास स्मरण देता येते, हरवलेले पत्र तत्काळ पुन्हा देता येते, पुस्तकांची देवघेव जलद होते आणि अनुदानासाठी शासनास द्यावयाची सभासदसंख्या नोंदींवरून सिद्ध करता येते. नव्या पिढीच्या वाचकास वाचनालय आपल्या काळाबरोबर चालत असल्याचे समाधानही लाभते.

हे लाभ शुद्ध नोंदवहीवर अवलंबून आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी प्रत्येक वाचनालयाने आपली सभासद यादी एकवार तपासून, हरकती मागवून, ठरावाने कायम करावी. गावातील शिक्षकांनी या छाननीस हातभार लावावा. पंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागातील सभासदांचे पत्ते मिळवून देण्यास साहाय्य करावे. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी पत्रांची संख्या पाहण्याबरोबरच त्यांतील काही नावे पावतीपुस्तकाशी ताडून पाहावीत. अशा रीतीने तयार झालेले पत्र, ते कागदावर असो वा पडद्यावर, सभासदाचा हक्क आणि संस्थेची विश्वासार्हता या दोहोंचे रक्षण करील.