जबड्याची पुनर्रचना आणि नीलेचा जोड

तंबाखू, सुपारी व गुटखा यांच्या सेवनातून उद्भवणारा मुखाचा कर्करोग आपल्या राज्याला अपरिचित नाही. रोग हाडात शिरला असल्यास जबड्याचा तो भाग काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे केवळ चेहरा विरूप होतो असे नव्हे. घास चावणे, गिळणे, स्पष्ट बोलणे याही क्रिया दुरापास्त होतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या जागी बसविण्यात येते. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलत असल्याने रुग्णाला पुढे चालता येते. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील इयान टेलर यांनी या हाडाचे असे स्थलांतर पायासाठी केले. १९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड हिडाल्गो यांनी जबड्यासाठी त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. हाडाची रोहिणी व नीला मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या आणि टाक्याचा धागा केसाहूनही बारीक!

खरी कसोटी लागते ती पूर्वी शस्त्रक्रिया वा किरणोपचार झालेल्या रुग्णाच्या बाबतीत. जवळच्या वाहिन्या निकामी झालेल्या असतात. निरोगी वाहिनी मानेच्या दुसऱ्या बाजूस सापडते आणि हाडाची वाहिनी तेथवर पोहोचत नाही. अशा वेळी पायाच्या आतील बाजूची लांब नीला काढून तिचा तुकडा मध्ये जोडतात.

नीलेत रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. रोहिणीसाठी तुकडा वापरताना त्याचे पावलाकडील टोक मानेच्या रोहिणीस आणि मांडीकडील टोक हाडाच्या रोहिणीस जोडावे लागते. उलट जोडल्यास झडपा मिटून प्रवाहच अडेल. काढल्यावर नीला आखडते, म्हणून माप आधीच घेतात. पीळ पडू नये म्हणून तिच्यावर शाईची सरळ रेघ ओढतात. तुकडा लांब झाला तर मुरड पडते, आखूड झाला तर टाक्यांवर ताण येतो.

तथापि हा उपाय सहजी योजावा असा नाही. एका जोडाच्या जागी दोन जोड येतात आणि रक्त गोठण्याचा धोका वाढतो. म्हणूनच काही वेळा खांद्यावरून जाणारी नीला मूळ जागेपासून न तोडता मानेकडे वळवितात. त्यात एक जोड वाचतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस जागरणाचे असतात. हाडासोबत आणलेल्या त्वचेला परिचारिका ठराविक वेळाने सुई टोचून पाहते. लालभडक रक्त आले तर प्रवाह चालू आहे. काळसर रक्त भराभर आले तर नीला तुंबली असे समजून रुग्णास तत्काळ पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेण्यात येते.