हॉकीची स्टिक कशी निवडावी?



आपल्याला शाळेचे कपडे घेतात ते वाढत्या अंगाचे घेतात. चप्पलसुद्धा एक नंबर मोठी घेतात, म्हणजे पुढच्या वर्षी पुरते. पण हॉकीची स्टिक तशी घ्यायची नसते. ती आजच्या मापाचीच पाहिजे. का, ते सांगते.

हॉकी वाकून खेळतात. स्टिक फार लांब असली तर तिचे टोक पोटाला टोचते आणि चेंडू पायाजवळ आला की अडवता येत नाही. फार आखूड असली तर सारखे कमरेत वाकावे लागते आणि पाठ दुखते. मग मुलगा म्हणतो, "मला हॉकी येत नाही." खेळ येतो, स्टिक चुकलेली असते.

१) लांबी : बूट घालून सरळ उभे राहावे. स्टिक पायाजवळ जमिनीवर उभी धरावी. वरचे टोक कमरेच्या हाडापर्यंत आले तर माप बरोबर. त्याच्या फार वर गेले तर मोठी, मांडीपर्यंतच आले तर लहान. लांबी इंचांत सांगतात. सुमारे ४ फूट उंचीच्या मुलाला साधारण २८ ते ३० इंची स्टिक येते. मोठी माणसे साडेछत्तीस किंवा साडेसदतीस इंची वापरतात. म्हणून मोठ्या दादाची स्टिक आपल्या कामाची नाही.

२) वजन : नियमाप्रमाणे कोणतीही स्टिक ७३७ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. आपल्याला तर पुष्कळ हलकी पाहिजे. डाव्या हाताने वरचे टोक धरावे, हात पुढे करावा आणि स्टिक दहा वेळा उलटसुलट फिरवावी. मनगट दुखले तर ती जड आहे. जड स्टिकने टोला जोरात बसतो खरा, पण ती वेळेवर वळली पाहिजे ना! तोवर चेंडू निघून जातो.

३) सपाट बाजू : स्टिकची डावी बाजू सपाट आणि उजवी गोल असते. गोल बाजूने चेंडू मारला तर फाउल होतो. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. पण डावखुऱ्यांनी घाबरू नये. वर डावाच हात असतो आणि स्टिक फिरवायचे काम तोच करतो.

४) लाकडी की फायबरची? : लाकडी स्टिक तुतीच्या लाकडाची करतात. रेशमाचे किडे जिची पाने खातात तीच ही तुती. तिचे लाकूड चिवट असते. पंजाबातील जालंधर आणि उत्तर प्रदेशातील मेरठ येथे स्टिका बनतात. आता मोठे खेळाडू फायबर आणि कार्बनच्या कडक स्टिका वापरतात. त्यांनी टोला लांब जातो, पण नवशिक्याचा चेंडू स्टिकवरून उडतो. लाकूड धक्का सोसते, म्हणून शिकताना लाकडी बरी.

५) दुकानात बघा : चीर किंवा ढलपी नको. सपाट बाजू हाताला गुळगुळीत लागावी. मुठीवरची पट्टी घट्ट असावी, घामाने घसरू नये.

६) घरी जपा : चिखल लगेच पुसावा. भिजलेली स्टिक सावलीत वाळवावी. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर लाकूड तडकते.

महागच स्टिक पाहिजे असे नाही. पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले लहानपणी तुटक्या स्टिकांनी खेळत. पुढे ते १९९२, १९९६, २००० आणि २००४ अशी चार ऑलिंपिक भारताकडून खेळले.

आईवडिलांना विनंती : स्टिक ज्याची, त्याला बाजारात बरोबर न्या. नेता आले नाही तर जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंत सुतळीने माप घ्या, गाठ मारा आणि ती सुतळी दुकानात न्या. सुतळीला पैसे पडत नाहीत, पण चुकीच्या स्टिकला पडतात. आपण वाढलो की जुनी स्टिक धाकट्या भावंडाला किंवा शाळेला द्यावी. म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

सांगा पाहू :
१. स्टिकची कोणती बाजू सपाट असते?
२. तुमच्या कमरेपर्यंतचे माप किती इंच भरते? पट्टीने मोजून वहीत लिहा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी