गोष्ट सांगा, शिकवण नको

निवृत्त एसटी कंडक्टरवर लिहिलेली माझी एक कथा मी ब्लॉगवर टाकली होती. काही महिन्यांनी ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. माझं नाव गळालेलं होतं आणि खाली कुणीतरी पदरच्या चार ओळी जोडल्या होत्या : आईवडिलांना वेळ द्या, पैसा काय, कधीही कमावता येतो, आणि शेवटी जोडलेले हात. पुढे हीच कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली, तर संपादकांनी साभार परत केली. ही आधीच सगळीकडे फिरली आहे, आम्हाला अप्रकाशित कथा हवी, असं त्यांनी कळवलं. नाव गेलं, अंकातली जागाही गेली. वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते हे की त्या चार ओळी कथेत उपऱ्या वाटत नव्हत्या. अगदी बेमालूम बसल्या होत्या. कथा मुळातच उपदेशाकडे झुकलेली होती, अनोळखी माणसाने तो फक्त पुरा केला.

ब्लॉग आणि कथा दोन्ही लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : या झुकण्यापासून सावध राहा. ते नकळत होतं. सकाळी लेख टाकला की दुपारपर्यंत 'अगदी मनातलं लिहिलंत', 'डोळ्यांत पाणी आलं' असे प्रतिसाद येतात. आणि कौतुक होतं ते बहुतेक वेळा अर्थ उघड सांगणाऱ्या ओळीचं. तीच ओळ लोक पुढे पाठवतात, स्टेटसला ठेवतात. हाताला मग तेच वळण लागतं. पुढच्या वेळी ती ओळ आधी सुचते आणि तिच्यासाठी प्रसंग शोधला जातो. ब्लॉगवर हे एक वेळ खपून जातं, कारण तिथे वाचक लिहिणाऱ्याचं मत ऐकायलाच आलेला असतो. कथेत मात्र माणसं मतं मांडण्यापुरती उरतात.

पूर्वी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक उभा असे. १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथा कुठे सैल पडली ते सांगत आणि पुन्हा लिहायला लावत. मराठी नवकथेच्या घडणीत या पुनर्लेखनाचा मोठा वाटा आहे. आज 'प्रकाशित करा' हे बटण आपल्याच हातात आहे. म्हणजे संपादकाचं कामही आपल्याच गळ्यात आलं.

ते कसं करायचं, हे त्या कंडक्टरच्या कथेवरूनच सांगते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं : 'अण्णांना निवृत्तीनंतर फार एकटं वाटू लागलं. जन्मभर माणसांत वावरलेल्या माणसाला रिकामं घर खायला उठतं.' वाक्यं शुद्ध आहेत, खरीही आहेत. पण ती बँकेतल्या कारकुनालाही लागू पडतात आणि शाळामास्तरांनाही. दुसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा स्वतःला एकच विचारलं : कंडक्टरच्या हातांना सवय कशाची? तिकिटं पंच करायची, सुट्टे मोजायचे, दोरी ओढून डबल बेल द्यायची. मग असं झालं :

'अण्णा पहाटे चारला उठत. सून उठेपर्यंत ओट्यावर नाण्यांच्या चळती लावत, एकाची, दोनाची, पाचाची. हिशेब जुळला की मोडून पुन्हा लावत. नातू शाळेला जाताना म्हणाला, "आजोबा, दहा रुपये द्या ना," तर अण्णांनी आधी विचारलं, "सुट्टे देऊ?"'

'एकटं' हा शब्द ठेवायची गरज उरली नाही. शेवटी उपदेश चिकटवू म्हटलं तरी या परिच्छेदाला तो चिकटत नाही.

तेव्हा खर्डा झाला की तो दोन-चार दिवस बाजूला ठेवा आणि मग पेन घेऊन भावनांच्या नावांखाली रेघा मारत जा : हुरहुर, एकाकीपणा, गलबलून येणं, मन भरून येणं. प्रत्येक रेघेपाशी थांबून विचारा, हा माणूस या क्षणी हाताने काय करतो आहे? उत्तर सापडलं तर ते लिहा आणि तो शब्द काढा. सापडलं नाही, तर आपल्याला तो माणूस अजून पुरता माहीत नाही. अशा वेळी वाक्य सजवत बसू नका. एसटी स्टँडवर जाऊन तासभर बसा, कुणाशी तरी बोला, मग परत या. त्यानंतर शेवटचा परिच्छेद हाताने झाकून कथा वाचा. त्याच्यावाचून ती उभी राहत असेल तर तो कापून टाका. माझ्या अनुभवात बहुतेक कथा उभ्या राहतात.

संवाद मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपली लिहिण्याची मराठी आणि बोलण्याची मराठी यांत बरंच अंतर आहे, आणि लिहिताना पुस्तकी मराठी आपसूक उतरते. 'मला तुझ्या वागण्याचे अतिशय दुःख झाले आहे' असं कुठलाही बाप म्हणत नाही. रात्री उशिरा आलेल्या मुलाला तो म्हणतो, "जेवून आलास वाटतं." बोलीचंही तसंच. उद्धव शेळके यांच्या 'धग' कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं वऱ्हाडीत बोलतात. ती वऱ्हाडी कानावर पडत वाढलेल्या लेखकाची आहे, म्हणून ती कुठेही खोटी वाटत नाही. 'काय करून राह्यला' आणि 'काय करायलाईस' एकाच माणसाच्या तोंडी आलं, तर नागपूरचा वाचकही पुस्तक मिटतो आणि कोल्हापूरचाही. जी बोली कानात नाही, ती उसनी आणू नका.

ब्लॉगसाठी वेगळं फार सांगायला नको. 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी सुरुवात असेल तर पहिला परिच्छेद काढा, लेख खरा दुसऱ्यापासूनच सुरू होतो. 'आठवडी बाजार आता पूर्वीसारखा राहिला नाही' हे मत कुणीही देईल. कल्हईवाला कुठल्या झाडाखाली बसायचा, नवसागराचा वास कुठवर यायचा आणि आता त्या जागी मोबाइलची कव्हरं कशी टांगलेली असतात, हे पाहिलेलाच लिहू शकतो. तेच लिहा. आणि साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकदा नीट वाचून काढा. ते अवघे १८ आहेत. ऱ्हस्वदीर्घाला अडखळणारा वाचक आशयाकडे लक्ष देत नाही.

पहिला वाचक निवडून घ्या. 'कशी वाटली?' असं विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : वाचताना कुठे थांबलीस? कुठे मोबाइल हातात घेतलास? या प्रश्नांची उत्तरं खरी येतात, आणि बोट नेमकं सैल जागेवर पडतं.

आता व्यवहाराचं. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे, आणि आजही नव्या कथाकाराला गंभीर वाचक मिळवून देणारी ती मोठी वाट आहे. बरेच संपादक ब्लॉगवर किंवा फेसबुकवर आलेली कथा पूर्वप्रकाशित धरतात. म्हणून कथा आधी अंकाकडे पाठवा, तीही पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास. ब्लॉगवर ती अंक येऊन गेल्यावर टाकता येते. ब्लॉगवर टाकाल तेव्हा नाव शीर्षकाखालीही द्या आणि मजकुराच्या शेवटीही. कॉपी करणाऱ्याला दोन्ही ठिकाणी हात घालावा लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्या मजकुराचा हक्क मुळात लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती काळासाठी दिले ते करारात लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. ऑडिओवाल्यांचा, ॲपवाल्यांचा करार आला तर मुदत आणि हक्कांची ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

यातलं कुठलंच काम अवघड नाही, वेळ मात्र सगळ्यांना लागतो, आणि तो वेळ प्रतिसाद मोजण्यातून काढावा लागतो. वाचक आपल्याइतकाच शहाणा असतो. त्याला माणूस नीट दाखवला तर अर्थ तो स्वतः लावतो, आणि स्वतः लावलेला अर्थ तो विसरत नाही. तेव्हा कपाटातली एखादी जुनी कथा आजच बाहेर काढा. ज्या ओळीचं सगळ्यात जास्त कौतुक झालं होतं, तिच्यावर पहिली काट मारा आणि तिथून लिहायला लागा.