एका वाड्याचें चरित्र

मनुष्याप्रमाणें घरालाहि चरित्र असतें. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दुसऱ्या बाजीराव पेशव्यानें हा वाडा बांधविला. सागवानी सुरूदार खांब व रस्त्यावर आलेला कोरीव सज्जा हीं त्याचीं भूषणें होत. नांवाप्रमाणें हेतु विश्रामाचा. परंतु १८१८ सालीं राज्य गेलें, धनी ब्रह्मावर्तास गेला आणि दिवाणखाने ओस पडले.

तीनच वर्षांनीं, १८२१ सालीं, दक्षिणचे कमिशनर चॅप्लिन यांनीं येथें संस्कृत पाठशाळा स्थापिली. पेशवे विद्वानांस जी दक्षिणा वांटीत, तिच्याच निधींतून तिचा खर्च चाले. जेथें हुजरे उभे राहत, तेथें व्याकरणाचीं सूत्रें ऐकूं येऊं लागलीं. मात्र आरंभीं प्रवेश ब्राह्मण मुलांसच असे. पुढें १८५१ सालीं ती पाठशाळा इंग्रजी शाळेशीं जोडली जाऊन पूना कॉलेज झालें. डेक्कन कॉलेजाचें मूळ तें हेंच.

आतां या चरित्रांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग ऐका. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं याच वाड्यांत जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. मुलींसाठीं शाळा काढल्यामुळें त्यांना वडिलांचें घर सोडावें लागलें होतें. एकेकाळीं जेथील पाठशाळेचें दार त्यांच्या जातीच्या मुलास बंद होतें, तेथेंच त्यांच्या खांद्यावर शाल पडली! भिंती त्याच होत्या. त्यांतील माणसांची दृष्टि मात्र बदलूं लागली होती.

१८७९ च्या मे महिन्यांत वाड्यास आग लागली. जवळचा बुधवारवाडा त्याच आगींत नामशेष झाला; याचा मात्र कांहीं भागच जळाला, व त्याची पुढें दुरुस्ती झाली. विसाव्या शतकांत नगरपालिकेची कचेरी अनेक वर्षें येथेंच होती. राजाच्या सुखासाठीं उभारलेल्या वास्तूंत सामान्य नागरिक आपलें गाऱ्हाणें घेऊन निर्भयपणें येऊं लागला.

यावरून काय शिकावें? घराची थोरवी बांधणाऱ्याच्या वैभवावर नव्हे, तर त्याचें दार कोणाकोणास उघडतें, यावर अवलंबून असते. तुमच्याहि गांवीं एखादा जुना वाडा किंवा धर्मशाळा असेल. येत्या सुटींत वडील माणसांस विचारा : येथें पूर्वीं कोण राहत असे? नंतर काय झालें? कोणास आंत येऊं देत नसत? मिळतील तीं उत्तरें वहींत लिहून ठेवा. सांगणारीं माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.